पानशेतच्या पाण्याची सेवा : भराव भक्कम, वाहिनी कच्ची

मिळकतकराच्या बिलात पाणीपट्टीचा रकाना असतो आणि पुण्यातला मिळकतधारक तो मुकाट्याने भरतो. परंतु त्या पैशांच्या बदल्यात मिळणाऱ्या सेवेची चर्चा सहसा दोनच प्रसंगी होते, एक तर नळ कोरडा पडल्यावर आणि दुसरे म्हणजे मुठेचे पाणी भिडे पुलावर चढल्यावर. एरवी धरण म्हणजे पावसाळी सहलीचे ठिकाण. प्रस्तुत परीक्षण पानशेतच्या मातीच्या धरणापासून घरातल्या नळापर्यंतच्या संपूर्ण सेवेचे आहे आणि त्याचा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. ज्या मातीच्या भरावाविषयी १९६१ मध्ये धरण फुटल्यापासून पुणेकराच्या मनात तीन पिढ्यांची धास्ती आहे, तोच या सेवेचा सर्वांत विश्वासार्ह भाग आहे. पाणी भरावाच्या पोटातून बाहेर पडले की तिथून पुढे मात्र जवळजवळ दर टप्प्यावर दर्जा उतरत जातो.

प्रथम मालाविषयी. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, आंबी नदीवर हे धरण उभे आहे; सरकारी कागदपत्रांत त्याच्या जलाशयाचे नाव तानाजीसागर असले तरी ते नाव कोणाच्या तोंडी नाही. भराव सुमारे १,०३९ मीटर लांब आणि ६३.५ मीटर उंच असून उपयुक्त साठा १०.६५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, इतका आहे. वरसगाव (१२.८२), टेमघर (३.७१) आणि खडकवासला (१.९७) धरून चार धरणांच्या साखळीत २९.१५ टीएमसी पाणी मावते, त्यातले एक तृतीयांशाहून अधिक एकट्या पानशेतमध्ये असते. टीएमसी हे माप सामान्य ग्राहकाला काहीच सांगत नाही, म्हणून आमच्या सोसायटीच्या दारात येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरचे माप लावून पाहिले, तेव्हा भरलेल्या पानशेतमधून असे सुमारे तीन कोटी टँकर भरतील असे उत्तर आले. खडकवासल्यात मात्र साखळीतले सात टक्केही पाणी मावत नाही. जुलैमध्ये खडकवासला काठोकाठ भरल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले की शहर निर्धास्त होते, ते त्यामुळे अकारण आहे. वर्षाची बेगमी झाली की नाही, ते पानशेत आणि वरसगाव ठरवतात. खडकवासला हा केवळ गल्ला आहे, तिजोरी मागे डोंगरात आहे.

आता बांधणी. मातीचे धरण म्हटले की अनेकांना ते तात्पुरते, हलके काम वाटते आणि दगडी धरण तेवढे खरे, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः चांगल्या बांधलेल्या मातीच्या धरणात मोठे कौशल्य असते. मध्यभागी चिकण मातीचा गाभा असतो, जो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचे कवच असते, जे वजन पेलते आणि गाभ्याला जागेवर धरून ठेवते. ही माती ओतून मोकळे होता येत नाही. ती पातळ थरांत पसरायची, बेताचे पाणी मारायचे, रोलर फिरवून दाबायची, दाबली गेली की नाही हे तपासायचे आणि मगच पुढचा थर घालायचा. पाणी कमी पडले तर माती बसत नाही, जास्त झाले तर रोलरखाली लिबलिबते. जलाशयाकडच्या उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे अस्तर असते, त्याला पिचिंग म्हणतात. दुसऱ्या बाजूच्या उतारावर गवत असते. गवत चालते, झाड चालत नाही, कारण झाड मेले की कुजलेल्या मुळाची पोकळी पाण्याला आयती वाट देते. त्यामुळे भरावावर हौसेने वृक्षारोपण करण्याची कल्पना कोणी मांडली, तर ती तिथेच खोडून काढावी.

पुणेकर ग्राहकाला सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगणे आवश्यक आहे. मातीचे धरण पाझरतेच, आणि त्या पाझरण्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाझर रोखून धरण्यापेक्षा त्याला शिस्तीने बाहेर काढण्याची सोय भरावाच्या पोटात केलेली असते : वाळू-खडीची गाळणी, तिच्यातून निचऱ्याचे चर, आणि पायथ्याशी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असलेला पत्रा, ज्याला तिथले कर्मचारी व्ही-नॉच म्हणतात. त्या खाचेतून किती उंचीची धार पडते यावरून भरावातून मिनिटाला किती पाणी येते ते मोजतात. दोन गोष्टी पाहायच्या असतात. जलाशयाची पातळी तीच असताना धार वाढली का, आणि पाणी नितळ आहे की गढूळ. नितळ पाण्याची मोठी धारही चालते. गढूळ पाण्याची करंगळीएवढी धार आली तरी रात्रीची झोप सोडून धावावे लागते, कारण त्या गढूळपणाचा अर्थ धरणाची माती आतून वाहून जात आहे असा असतो. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. तेही मातीचेच होते, आणि गळतीविषयी गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या.

मातीच्या धरणाला दुसरे पथ्य असते ते माथ्यावरून पाणी न जाऊ देण्याचे. दगडी भिंतीवरून काही काळ पाणी उसळले तरी ती तग धरू शकते. मातीच्या भरावाला तेवढी मुभा नसते. म्हणूनच सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याची वाट, हा मातीच्या धरणाचा प्राण असतो. दगडी धरणांचे भक्त या एका मुद्द्यावर मातीला नापास करतात. त्यांना २०१६ ची आठवण करून द्यावीशी वाटते, जेव्हा याच साखळीतल्या टेमघरच्या दगडी भिंतीतून पाण्याच्या चिळकांड्या उडताना सगळ्या महाराष्ट्राने पाहिल्या आणि पुढे तिच्या दुरुस्तीला वर्षे लागली. साहित्य कोणते यापेक्षा काम कसे केले, याला अधिक महत्त्व आहे.

तरीही पानशेतच्या परीक्षणात १२ जुलै १९६१ टाळता येत नाही. पुण्यातली जुनी माणसे आजही पुराआधी आणि पुरानंतर अशी कालगणना करतात. त्या सकाळी पानशेत फुटले, त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला, १८७९ पासून उभी असलेली ती दगडी भिंत काही तास झुंजली आणि तीही गेली. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, कसबा या पेठांतले नदीकाठचे वाडे बसले. आणि पुढे गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतींनी शहराचा नकाशाच बदलला. पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने विलक्षण गोष्ट अशी की, शहर पाण्यात बुडाले त्याच दिवशी त्याचा पिण्याच्या पाण्याचा स्रोतही नाहीसा झाला आणि लोकांना वाड्यांतल्या जुन्या विहिरींकडे वळावे लागले.

या घटनेतून 'मातीचे धरण होते म्हणून वाहून गेले' असा सोपा निष्कर्ष पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. तो अपुरा आहे. धरणाचे काम पूर्ण झालेले नसताना त्या पावसाळ्यात पाणी साठवले गेले. भरावाखालून जाणाऱ्या विमोचन वाहिनीचे, म्हणजे ज्या मोरीतून पाणी शिस्तीने बाहेर सोडायचे तिचे, दरवाजे उचलणारी यंत्रणा पुरती बसलेली नव्हती. दरवाजे अर्धवट उघड्या स्थितीत अडकले. जोरदार पावसाने जलाशय भराभर चढत गेला, अर्धवट दारातून पाणी हिसके देत धावू लागले, आणि मोरीच्या बांधकामाला त्या हिसक्यांचा मारा सोसेना. मोरीलगतची माती खचली, तिच्यावरचा भराव बसला, माथा पाण्याच्या पातळीला येऊ लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा उंच ठेवण्याची शर्थ केली. पाणी माथ्यावरून गेले आणि त्यानंतर मातीने तेच केले जे माती करते. पुढे चौकशी आयोग नेमला गेला, न्यायमूर्ती बावडेकर यांचे चौकशी अपुरी असतानाच निधन झाले आणि न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाकडे ते काम आले. तांत्रिक तपशिलांवर तज्ज्ञांत मतभेद असू शकतील, परंतु आरंभ मोरीपाशी झाला ही गोष्ट ग्राहकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भराव पाणी अडवत होता. पाणी बाहेर नेण्याची व्यवस्था तयार नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी नव्याने उभे राहिलेले पानशेत तेव्हापासून दर पावसाळ्यात भरते आणि दर उन्हाळ्यात उतरते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. रस्त्यावरून दिसणारा उतार एकसारखा, गवताने झाकलेला आणि झाडाझुडपांपासून मोकळा आहे. लांबून पाहणाऱ्याला यापेक्षा अधिक परीक्षा करता येत नाही. या भागाला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण का कापला, ते शेवटी येईल.

यानंतर वाहतूक. पानशेतचे पाणी नदीच्या पात्रातून खडकवासल्यात येते. शहराच्या वाट्याचे मोठे पाणी आता खडकवासल्यापासून पर्वतीपर्यंत बंद जलवाहिनीतून नेले जाते, ही खरोखर मोठी सुधारणा आहे. पूर्वी ते उघड्या कालव्यातून जात असे आणि वाटेत काय काय मिसळत असे, याचा विचार न केलेला बरा. शेतीचे पाणी मात्र आजही मुठा उजव्या कालव्यातून शहराच्या मध्यवस्तीतून हडपसर, दौंड आणि पुढे इंदापूरकडे जाते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी याच कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरातल्या शेकडो घरांत भरदिवसा पाणी शिरले. त्या वेळी उंदीर-घुशींनी भिंत पोखरल्याचे कारण मंत्रिपातळीवरून सांगण्यात आले. पुढच्याच वर्षी तिवरे फुटल्यावर खेकड्यांची पाळी आली. मातीच्या कामाला बिळांचा धोका खरोखरच असतो, त्यात हसण्यासारखे काही नाही. परंतु बिळे शोधून बुजवणे हेच तर देखभाल करणाऱ्याचे काम असते, त्यामुळे घुशीला जबाबदार धरणे म्हणजे चोरी झाल्यावर रखवालदाराने चोराकडे बोट दाखवण्यासारखेच झाले. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून पाणी नेण्याच्या योजनेची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. तो झाला तर गळती, चोरी आणि बाष्पीभवन या तिन्ही गोष्टींना आळा बसेल. तोवर या टप्प्याला तीन गुण.

शुद्धीकरणाच्या बाबतीत जुने शहर भाग्यवान आहे. पर्वती, वारजे, वडगाव आणि लष्कर येथील केंद्रांतून पाणी गाळून, निर्जंतुक करून मिळते आणि पेठांत वाढलेल्या माणसाला नळाचे पाणी सरळ पिण्याची सवय असते. भारतातल्या फार थोड्या शहरांत असा विश्वास आढळतो. परंतु धरणाच्या अगदी जवळच्या गावांची स्थिती याच्या उलट आहे, आणि ही विसंगती मला या सेवेतली सर्वांत मोठी उणीव वाटते. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली आणि एक गोष्ट उघड झाली : महापालिकेत नव्याने आलेल्या या गावांतल्या अनेक भागांना विहिरीतून येणारे, क्लोरीनपलीकडे कोणतीही प्रक्रिया न झालेले पाणी मिळत होते. ज्यांच्या अंगणातून धरणाची वाहिनी जाते, त्यांना जलशुद्धीकरण केंद्र नाही. आणि ते केंद्र वीस किलोमीटर पलीकडच्या माणसाला आहे. शिवाय खडकवासल्याच्या फुगवट्याभोवती फार्महाऊस, रिसॉर्ट आणि वाढत्या वस्त्या यांचे सांडपाणी कुठे जाते, हा प्रश्न आहेच. रविवारी चौपाटीवर कणसे खाऊन टाकलेली खरकटी गोळा करण्याचे काम तर कोणाचेच नाही.

आता वितरण. धरणे भरलेली असताना टँकर का घ्यावा लागतो, हा प्रश्न उपनगरात नव्याने राहायला आलेला प्रत्येक जण विचारतो आणि वर्षभरात विचारणे सोडून देतो. पाणी पुरेसे असले तरी ते उंचावरच्या टाकीपर्यंत, तिथून जुन्या गळक्या वाहिन्यांतून आणि शेवटी वाहिनीच्या टोकाच्या सोसायटीपर्यंत पोहोचवायचे असते. मध्यवर्ती पेठेतला माणूस अंगण धुतो त्या वेळी टोकाच्या इमारतीत नळाला हवा येते. समान पाणीपुरवठा योजनेत नव्या टाक्या, नव्या वाहिन्या आणि मीटर यांची कामे चालू आहेत. मीटरला अनेकांचा विरोध आहे. माझा नाही, जे मोजले जात नाही ते गळते कुठे हे कळत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने, हे वाक्य पुणेकराला तोंडपाठ आहे. पूर्वसूचना वेळेवर मिळते, एवढे श्रेय दिले पाहिजे.

टँकरचा अनुभव या सेवेचाच परिणाम असल्याने त्याविषयी थोडे सविस्तर. आमची सोसायटी शहराच्या कडेला आहे आणि उन्हाळ्यात पुरवठादाराकडून टँकर मागवते. पावतीवर दहा हजार लिटर लिहिलेले असते. आमचे रखवालदार काका पूर्वी शेती करत असल्यामुळे कागदावर विश्वास ठेवत नाहीत. टँकर आला की ते तळटाकीचे झाकण उघडून खुणा केलेली बांबूची काठी आत सोडतात, ओल्या रेषेवर खडूने खूण करतात आणि मगच चालकाला म्हणतात, 'सोड आता नळी.' टँकर रिकामा झाल्यावर पुन्हा काठी. एकदा खूण अपेक्षेपेक्षा चार बोटे खाली राहिली, तेव्हा चालक म्हणाला, 'काका, वाटेत हिंदकळलं असंल.' काकांनी झाकण लावले आणि शांतपणे विचारले, 'मग टाकीच्या बाहेरची बाजू कोरडी कशी?' त्या पावतीचे पैसे कापून दिले गेले. पाण्याच्या हिशेबाची ही पद्धत मला व्ही-नॉचच्या जवळची वाटते आणि तिच्यावर माझा पुरवठादाराच्या संगणकीय बिलापेक्षा अधिक भरवसा आहे. वितरणाला दोनच गुण.

या सेवेचे आणखी ग्राहक आहेत, ज्यांचे मत शहरातल्या परीक्षणात येत नाही. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला याच साखळीतून उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, हवे असते. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी शहराची मंजुरी, प्रत्यक्ष उचल आणि शेतीचे आवर्तन यांवरून खडाजंगी होते. शहर जितके पाणी वापरते त्यातला मोठा भाग सांडपाणी होऊन नदीत जातो आणि खालच्या गावांना तेच मिळते, हे विसरून 'आमच्या हक्काचे पाणी' अशी भाषा आपण सहज करतो. आणि जलाशयाखाली ज्यांची खाचरे गेली त्यांच्या वारसांना उन्हाळ्यात डोंगरातल्या झऱ्यावर जावे लागत असेल, तर धरणाच्या गुणांची बेरीज त्यांच्यापुढे मोठ्याने वाचू नये.

विसर्गाच्या सूचनेविषयीही लिहिणे भाग आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना तळमजले भरले. धरण सुरक्षित ठेवायचे तर पाणी सोडावेच लागते, तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. नदीपात्रात भराव टाकून वाढलेल्या शहराचाही त्यात वाटा आहेच. पण किती क्युसेक सोडले हा आकडा ग्राहकाच्या उपयोगाचा नाही. कोणत्या गल्लीत किती वाजता गुडघाभर पाणी येईल, हे त्याला मराठीत, रात्री दहापूर्वी आणि भोंग्यावरून कळायला हवे. अलीकडे भ्रमणध्वनीवर संदेश येऊ लागले आहेत, ही प्रगतीच. पण तळमजल्यावरची आजी संदेश वाचत नाही.

राहिला तो कापलेला अर्धा गुण. पावसाळ्यात रोज सकाळी वर्तमानपत्रात चारही धरणांचा साठा, टक्केवारी आणि गतवर्षीची तुलना यांचा तक्ता छापून येतो आणि पुणेकर तो शेअर बाजाराच्या दरांइतक्या आस्थेने वाचतो. त्या तक्त्यात पाझराचा रकाना नसतो. पानशेतच्या पायथ्याशी मोजले जाणारे पाझराचे मान, जलाशयाची त्या दिवशीची पातळी आणि पाणी नितळ होते की गढूळ याची नोंद, एवढ्या तीन गोष्टी महिन्यातून एकदा त्याच तक्त्याखाली छापल्या तर अर्धा गुण मी तत्काळ परत देईन.